आजाराचं नाव नको, तारखा लिहून आणा

प्रश्न : मी नाशिकमध्ये सातपूरला राहते, खासगी शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला आठ वर्षं झाली, सहा वर्षांचा मुलगा आहे. नवरा बोलायला लाघवी, पण शब्द खरा नाही. मला न विचारता माझ्या पाटल्या गहाण टाकल्या, माझ्या मोबाइलवरून माझ्याच नावाने कर्ज काढलं. वडिलांचे द्राक्षांचे आलेले तीन लाख ‘महिन्यात देतो’ म्हणून नेले, ते गेलेच. जाब विचारला की हसतो, फार ताणलं तर हात उचलतो. परवा मुलाचा मातीचा गल्ला फोडला आणि पोरगं रडत असताना शांतपणे जेवायला बसला. ‘अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ची सगळी लक्षणं जुळतात. या आजारावरून घटस्फोट मिळेल का? मुलगा माझ्याकडे राहील का?

उत्तर : ताई, गल्ल्याची ती ओळ मी पुन्हा वाचली. तुम्ही फार दिवस सोसलंय.

अँटिसोशल म्हणजे माणूसघाणा, असं आपल्याकडे समजतात. तसं नाही. असा माणूस चारचौघांत हवाहवासाही असतो. दुसऱ्याचा हक्क आणि दुसऱ्याचं दुखणं खिजगणतीत नसणं, सर्रास खोटं बोलणं, आततायीपणा, बेजबाबदारपणा आणि केल्याचा पश्चात्ताप नसणं, हे वर्षानुवर्षं चालत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ या निदानाचा विचार करतात. अठरा वर्षांच्या आत हे निदान होत नाही, आणि पंधराव्या वर्षाच्या आधीपासून तशी वागणूक होती का, हेही पाहावं लागतं. लहानपणीच्या त्या गोष्टी सासरचे कोर्टात येऊन सांगतील? शिवाय फसवणारा प्रत्येक नवरा आजारी असतो असं नाही.

तुमचं लग्न हिंदू पद्धतीने झालं असं धरून सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि त्याच्या व्याख्येत अतिआक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वागणूक घडवणारा विकारही येतो. वाट आहे, पण खडतर. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. सोबत राहणं अशक्य व्हावं इतका तो तीव्र असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलंय. वैद्यकीय तपासणीचा आदेश कोर्ट देऊ शकतं, पण त्यासाठी आधी भक्कम पुरावा तुम्हीच द्यायचा. आणि ‘तोच नाही, हीच वेडी आहे’ असा उलटा अर्ज आलाच म्हणून समजा.

म्हणून माझं स्पष्ट मत : त्याच कलमातल्या ‘क्रूरता’ या कारणावर अर्ज करा. तिथे आजार सिद्ध करावा लागत नाही, तो काय वागला एवढंच सिद्ध करायचं.

त्याआधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्यात मारहाणीइतकाच आर्थिक छळही हिंसाच मानलाय. तुमचं स्त्रीधन विकायला किंवा गहाण टाकायला मनाई, राहत्या घराचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलाचा तात्पुरता ताबा, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कर्जाचं वेगळं. ते तुम्ही काढलं नाही, हे कंपनीला आजच लेखी कळवा आणि १९३० या हेल्पलाइनवर सायबर तक्रार नोंदवा. वडिलांनी पैसे उसने दिले असतील तर वसुलीचा दावा दिल्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो, तेव्हा ती तारीख आधी बघा.

आता जिथे बायका हरतात ती जागा सांगते. कुटुंब न्यायालयात आधी समुपदेशकांसमोर बसवतात. तिथे तो डोळ्यांत पाणी आणेल, काळारामाची शपथ घेईल, मुलाला मांडीवर घेईल. तुम्ही मात्र थकलेल्या, आवाज चढलेला. समोरच्याला वाटतं, माणूस तर बरा दिसतोय! त्या खोलीत ‘तो खोटारडा आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘अमुक तारखेला पाटल्या गहाण टाकल्या, ही पावती, अमुक तारखेला माझ्या खात्यावर कर्ज आलं आणि त्याच दिवशी त्याच्या खात्यात गेलं, हे पासबुक’ हे वाक्य चालतं. मारहाण झाली त्या दिवशीचे दवाखान्याचे कागद असतील तर उत्तम. नसतील तर तेव्हा कोणाला फोन केला, ते आठवा. मेसेज पुसू नका, आणि फोन जुना झाला तरी विकू नका.

मुलाबद्दल. सहा वर्षांच्या मुलाचा ताबा ठरवताना कोर्ट त्याचं हित पाहतं. शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण जागतं, फी कोण भरतं, याचे कागद बहुधा तुमच्याकडेच असतील. भेटीचा हक्क बापाला मिळू शकतो. ती भेट दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, ही मागणी पहिल्याच अर्जात घाला.

वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुन्हा हात उचलला तर तडजोडीची बोलणी नकोत, ११२ लावा.

आणि यातलं काही त्याला बोलून दाखवू नका. पाटल्यांच्या पावतीचा फोटो आज रात्रीच वडिलांना पाठवा, मूळ पावती शाळेतल्या कपाटात ठेवा.