डिझेल जाळताच आहात तर आंघोळीचं पाणी पण तापवून घ्या

प्रश्न : आमचं गाव गगनबावडा तालुक्यात. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो. घरात नऊ माणसं, गोठ्यात आठ म्हशी. वडिलांच्या वेळचं 5 एचपीचं पाण्यावर थंड होणारं इंजिन शेडात पडून आहे, आधी विहिरीवर होतं. त्याला डायनामो जोडून घर चालवायचं म्हणतोय, आणि इंजिनचं गरम पाणी वापरता येईल का? रात्रभर चालवलं तर डिझेल किती लागेल?

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण सगळं तिथंच अडतं. रात्रभर चालवूच नका. इंजिन रिकामं फिरत असलं तरी पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश डिझेल पितंच, म्हणजे दहा तास चार बल्ब जळत ठेवायला तीन-साडेतीन लिटर जाणार आणि हातात काहीच नाही. वर हलक्या लोडवर इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, डिझेल फवारणाऱ्या नोझलवर कार्बन धरतो आणि सायलेन्सरातनं काळं चिकट तेल गळायला लागतं. ते गळायला लागलं की लोक म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या, आणि इंजिन उघडून बसतात. रिंगा चांगल्या असतात, कामच मिळालेलं नसतं त्याला.

आता हिशोब बघा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. तुमच्यासारखं लहान इंजिन त्यातला पाव भाग, फार तर 30 टक्के चाकावर देतं, डायनामोतला तोटा जाऊन विजेचे फार तर अडीच युनिट हातात पडतात. बाकीचे साडेसात गेले कुठं? तीनेक युनिट हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) यांच्याभोवतीच्या पाण्यात, तीनेक धुरातनं, उरलेले इंजिनच्या अंगातनं हवेत. म्हणजे डिझेल 90 च्या पुढं असताना तुमचा एक युनिट 35 रुपयांच्या पुढंमागं पडतो, पण त्याच लिटरनं पाण्यात सोडलेले तीन युनिट 100 लिटर पाणी 20 डिग्रीवरनं 45 वर नेतात. नेमकं आंघोळीचं पाणी! आणि विहिरीवर आपण तेच इतकी वर्षं पाटात सोडून दिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की इंजिन तेव्हाच चालवा जेव्हा लाईट पण पाहिजे आणि गरम पाणी पण. तुमच्याकडं ती वेळ आपसूक जुळते. पहाटे धारा काढायच्या, मिल्किंग मशीन चालणार, म्हशींची कास धुवायला आणि किटल्या धुवायला गरम पाणी लागणार, मग घरच्यांच्या आंघोळ्या. दोन तास भरल्या लोडवर चालवा. त्याच दोन तासात फ्रिज गार करून घ्या, पाण्याची टाकी भरा, इन्व्हर्टर चार्जिंगला लावा, मोबाईल लावा. संध्याकाळच्या धारेला परत दोन तास. रात्री इंजिन बंद, चार 9 वॅटचे एलईडी बॅटरीवर आरामात निघतात. दिवसाला चार लिटरच्या आसपास जाईल, पण त्यात सगळं घर आणि गोठा भागतो.

एक चूक करू नका, डायनामोवर गिझर लावायची. मी डोळ्यानं बघितलंय, इंजिनचं वाफाळतं पाणी गटारीला चाललंय आणि त्याच इंजिनच्या लाईटवर आत 2 किलोवॅटचा गिझर सुरू.

आता पाण्याची जोडणी. विहिरीवर होतं म्हणजे पंपाच्या पाण्याचीच एक नळी जॅकेटमधनं, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतनं, काढली असणार, आपल्याकडं सगळे तसंच करतात. त्यानं इंजिन कायम गारठलेलं राहतं, लायनर लवकर झिजतो आणि बाहेर येणारं पाणी धड गरम पण नसतं. ते काढून टाका. 100 लिटरचा ड्रम घ्या, 200 चा बॅरल नको कारण दोन तासात तो कोमटच राहतो. ड्रम इंजिनपेक्षा उंच चौथऱ्यावर, तळातनं पाईप इंजिनच्या खालच्या तोंडाला, इंजिनच्या हेडावरनं निघालेला पाईप ड्रमच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीखाली. पाईप इंचाच्या खाली नको आणि मध्ये कुठं उतरता-चढता नको, सलग चढता पाहिजे. गरम पाणी आपोआप वर जातं, गार खाली येतं, पंप लागत नाही. ड्रमचं झाकण नुसतं ठेवलेलं असू दे, गच्च बंद कधी करायचं नाही, वाफ कोंडली तर ड्रम फुटतो.

हे पाणी इंजिनचंच राहू दे, त्यात गंज असतो, तेल असतं, आंघोळीला नाही आणि म्हशींना तर नाहीच. ड्रमच्या आत अर्ध्या इंची तांब्याच्या पाईपचं 25-30 फुटाचं वेटोळं बसवा, त्यातनं घरच्या टाकीचं स्वच्छ पाणी सोडा. म्हणजे आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाचंच काम, फक्त जळणाच्या जागी इंजिन. ड्रमभोवती पत्र्याचा दुसरा डबा करून मध्ये भाताचं तूस ठासून भरा, तुमच्या भागात तुसाला काय तोटा नाही. पहिला तासभर पाणी काढू नका, ड्रम तापू दे. हात लावून तीन मोजेपर्यंत सोसवलं नाही की 60 च्या पुढं गेलं समजा, मग नळ बारीक सोडून काढत राहा, तोटा धरून 150 लिटर सहज मिळेल. सायलेन्सरच्या धुरातली उष्णता पण घ्यावी असं काहीजण सांगतील, घरगुती कामात मी त्या फंदात पडू देत नाही, काजळी बसून धुराला अडथळा होतो आणि एखादा जोड गळला तर विषारी वायू घरात.

त्यावरनं महत्त्वाचं. इंजिन घरात, सोप्यात, माजघराच्या भिंतीला लागून अजिबात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वेगळं शेड, दोन बाजूनं उघडं, धुराचा पाईप पत्र्याच्या वर. पावसाची झड येते म्हणून ताडपत्री सगळीकडनं बांधली की तीच बंद खोली झाली.

कडबाकुट्टीचं विचारलं नाहीत पण असणारच. 2 एचपीची मोटर 3 केव्हीएच्या डायनामोवर सुरू होताना घरचे दिवे पार बसतात. कुट्टीला सरळ इंजिनवरनंच पट्टा द्या, आणि कुट्टी चालू असताना फ्रिज बंद ठेवा.

प्रश्न : लाईट गेल्यावर डायनामोची वायर दोन्हीकडं पिना लावून घरातल्या 15 अँपियरच्या सॉकेटमध्ये घालतो, मेन स्विच बंद करतो. चालतं ना? (करवीर तालुका)

नाही. एक दिवस मेन बंद करायचं राहील आणि तुमच्या डायनामोची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधनं हजारो व्होल्ट होऊन तारेवर जाईल, तिथं लाईट गेली म्हणून भर पावसात वायरमन खांबावर चढलेला असेल. त्या मोकळ्या पिनेला घरातल्या पोराचा हात लागला तरी तेच. चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाईन नाहीतर डायनामो, एकच जोडणारा) बसवून घ्या, परवानाधारक वायरमनकडनं, आणि डायनामोला वेगळं अर्थिंग करा. याच्यात पैसे वाचवायचे नाहीत.

प्रश्न : 2021 च्या पुरात इंजिन आणि डायनामो चार दिवस पाण्यात होते. तेव्हापासून तसेच आहेत. हँडल मारून बघू का? (चिखलीजवळ)

थांबा, हँडल मारू नका. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43, त्यामुळं तुमच्या भागातली कितीतरी इंजिनं अशीच गाळात बसली. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि चाक जोरात फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी खालचं ऑईल सोडा, दुधाळ चहासारखं निघालं तर पाणी आहे. नोझल काढा, त्या भोकातनं थोडं डिझेल आणि ऑईल ओता, दोन दिवस मुरू दे, मग चाक हातानं हळूहळू इकडंतिकडं हलवा. हललं तर तुमचं नशीब. नाहीच हललं तर हेड उतरवावं लागेल, रिंगा लायनरला धरल्या असतील. चार वर्षांच्या वर झालीत, बहुतेक हेच असणार. एअर क्लीनर, डिझेल टाकी, फिल्टर सगळं साफ, डिझेल पंप आणि नोझल टेस्टिंगला द्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुट्या भागांचं किट आणि काम दोन्ही मिळतं, पण उघडल्याशिवाय कुणी खर्चाचा आकडा सांगितला तर घाई करू नका. डायनामो वेगळा वाळवून मेगरवर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासल्याशिवाय फिरवायचाच नाही, वाइंडिंगमध्ये गाळ असतो.

आणि पुन्हा बसवाल तेव्हा फाउंडेशन उंच करून भागणार नाही, चार बोल्ट खोलून चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) वर ओढता येईल असं बसवा. पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की ओढायचं, 43 ची वाट बघायची नाही. आम्ही 2021 ला तेच केलं, तिघांनी अर्ध्या तासात ओढलं.

प्रश्न : आजोबांच्या गुऱ्हाळावरचं मिनिटाला 650 फेऱ्यांचं मोठ्या चाकांचं जुनं इंजिन आहे. घरच्या लाईटला चालेल का? मोडीत 40 रुपये किलोच्या भावानं मागतायत. (कागल)

मोडीत देऊ नका, मनापासून सांगतो. हा नमुना मूळ इंग्लंडातल्या लिस्टरचा, 1929 सालचा, तेव्हा 600 फेऱ्यांचा होता, पुढं राजकोटनं तसलीच हजारो इंजिनं बनवली. हळू फिरतं म्हणून झीज कमी, आणि जड चाकामुळं अचानक लोड आला तरी दबत नाही. 50 हर्ट्झला चार पोलचा डायनामो 1500 फेऱ्यांनी फिरला पाहिजे, म्हणून पट्ट्यावर घ्या. चाक 24 इंची असेल तर डायनामोची पुली 10 इंची, रिकामं 1560 च्या आसपास फिरेल आणि लोड आला की 1500 ला उतरेल. दिवे थोडे लुकलुकतील, एकच सिलिंडर आहे, प्रत्येक धक्क्याला लुकलुक होतेच, चांगल्या एलईडीला ती जाणवत नाही. पट्ट्याला जाळी मात्र पाहिजेच, पदर किंवा धोतर गेलं तर माणूस ओढला जातो.

प्रश्न : मालक ड्युटीवर असतात, लाईट गेली की इंजिन मलाच सुरू करावं लागतं. हँडल उलटं मारेल म्हणून भीती वाटते. (पन्हाळा)

ताई, भीती बरोबर आहे, पण काम अंगातल्या ताकदीचं कमी आणि पद्धतीचं जास्त. आधी डिझेलचा कॉक उघडा, ऑईलची पट्टी बघा. हेडावरची डिकॉम्प्रेशनची कांडी उचला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चाक एका हातानं फिरतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलला वेढा घालून नाही, उलटं आलं तर हात सुटून जातो, अंगठा मोडत नाही. पदर खोचून घ्या, हातात सैल बांगडी नको. आता फिरवायला लागा, सावकाश सुरू करून वेग वाढवत न्या, आतनं नोझलचा चर्र-चर्र आवाज यायला पाहिजे. आला नाही तर पाईपात हवा आहे, डिझेल पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत सोडा. आवाज आला आणि चाकाला चांगला वेग आला की कांडी खाली पाडा, पण हँडल सोडू नका, इंजिनानं धरलं की ते आपोआप सुटं होतं, तेव्हा सरळ मागं ओढून घ्या.

पहिल्यांदा मालक घरी असताना कोरड्या दिवशी चार-पाचदा करून बघा. हँडलचं तोंड आणि शाफ्टचं टोक झिजलं असेल तर हँडल वेळेवर सुटत नाही आणि इंजिनबरोबर फिरायला लागतं, ते मात्र आधी बदलून घ्यायला सांगा, तोवर हात लावू नका.