सात आणि अकरा या वाहिन्याच का तुटतात?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. केबलची जोडणी बंद करून आम्ही खिडकीच्या काचेला चिकटवण्याचा, कागदासारखा पातळ अँटेना आणला. 2, 4 आणि 5 या वाहिन्या स्वच्छ दिसतात. 7 आणि 11 वर मात्र चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. माझ्या आईला 7 वरच्याच बातम्या पाहायच्या असतात. खोक्यावर 150 मैलांचा पल्ला छापलेला असूनही असे का व्हावे? अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर तूर्त घेऊ नये, कारण आपली अडचण अंतराची नाही. न्यूयॉर्कच्या मुख्य वाहिन्या एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या माथ्यावरून प्रक्षेपित होतात आणि एडिसनपासून ती ठिकाणे सुमारे 40 किलोमीटरवर, ईशान्येला आहेत. (150 मैलांच्या दाव्यावर विसंबू नये, पृथ्वीच्या गोलाईमुळे घरगुती अँटेनाला इतक्या लांबचे प्रक्षेपण एरवी मिळत नाही.)

खरे कारण वाहिन्यांच्या क्रमांकांत आहे. पडद्यावर दिसणारे 2, 4 आणि 5 हे जुन्या ओळखीचे आकडे असून त्या वाहिन्या आज प्रत्यक्षात 36, 35 आणि 27 या यूएचएफ (आखूड लहरींच्या पट्ट्यातील) चॅनेलांवरून येतात, जिथे लहरीची लांबी साधारण अर्धा मीटर असल्यामुळे छोटा पातळ अँटेनाही पुरतो. 7 आणि 11 मात्र खरोखरच त्याच क्रमांकांच्या व्हीएचएफ (त्याहून लांब लहरींच्या पट्ट्यातील) चॅनेलांवर आहेत; त्यांच्या लहरी दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या असतात आणि त्या टिपायला आपला अँटेना आखूड पडतो. पूर्वी सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण चित्र ओळखू येई. डिजिटल प्रक्षेपणात सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की चित्र एकदम तुटते.

त्यामुळे मी सुचवेन, की ओढून लांब करता येणाऱ्या दोन दांड्यांचा साधा अँटेना आणावा. टेपने मोजून प्रत्येक दांडी सुमारे 40 सेंटीमीटर बाहेर काढावी, दोन्ही एका ओळीत आडव्या ठेवाव्यात आणि ती ओळ वायव्य-आग्नेय धरावी, म्हणजे अँटेनाची रुंद बाजू ईशान्येकडे येते. मग टीव्हीवर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा. एवढे करूनही 7 तुटत असेल, तर जवळचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून पाहावेत. त्यांतल्या काहींचा विद्युत गोंगाट नेमका व्हीएचएफमध्ये उतरतो आणि अ‍ॅम्प्लिफायर लावल्यास तो गोंगाटही तितकाच वाढतो.

घर भाड्याचे असले तरी, केवळ आपल्या वापरातल्या बाल्कनीत अँटेना लावण्याची मुभा संघराज्याच्या दळणवळण आयोगाचा 1996 चा नियम देतो. तो छपरावर लावायचा झाल्यास खांब आणि केबल या दोन्हींचे अर्थिंग जाणकाराकडून अवश्य करून घ्यावे.