विद्यार्थिनी, कॉलेजकुमार आणि कॉलेजची पोरं : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या कॉलेजचं गॅदरिंग आहे आणि बॅनरचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी ‘सर्व विद्यार्थी व विद्यार्थीनींचे हार्दिक स्वागत’ असं लिहिलं तर मराठीच्या मॅडमनी लाल पेननं गोल करून कागद परत दिला, आणि आमच्यातली पोरं म्हणतायत की नुसतं विद्यार्थी लिही, मुली त्यात आल्याच की. काय करू? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : मॅडमचा गोल ‘थी’भोवती असणार बघ. विद्यार्थिनी लिहिताना थि ला पहिली वेलांटी. विद्यार्थी एकटा असतो तेव्हा दुसरी वेलांटी, त्यात काही वाद नाही, पण मूळ संस्कृत शब्द आहे विद्यार्थिन्, तो मराठीत येताना शेवटचा न् गळतो आणि आधीचा थि लांब होतो, म्हणजे ही दुसरी वेलांटी आपल्याकडं आल्यावर मिळालेली आहे, आणि समासात पुढं दुसरा शब्द जोडला की ती जाते आणि मूळची पहिली परत येते. विद्यार्थिमंडळ, विद्यार्थिसंघटना, विद्यार्थिप्रतिनिधी, सगळीकडं पहिली. गुणिजन, पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय हे पण ह्याच घरातले. विद्यार्थिनी हा समास नाही, पण तो त्याच विद्यार्थिन् पासून थेट झालाय म्हणून तिथं पण पहिलीच. साहित्य महामंडळानं केलेले हे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, आपलं शिवाजी विद्यापीठ पण त्याच साली सुरू झालं, आणि तरी आजही हॉस्टेलांच्या पाट्या ‘विद्यार्थीनी वसतीगृह’ अशा रंगवल्या जातात, म्हणजे दोन शब्दांत दोन चुका, कारण वसतिगृह मधला ति पण पहिल्या वेलांटीचा. ज्या गावात शाहू महाराजांच्या काळात १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली त्या गावात तरी ही पाटी बरोबर असावी एवढी माझी अपेक्षा आहे. आपल्याकडची जुनी माणसं बोर्डिंग म्हणूनच मोकळी होतात, तिथं वेलांटीचा प्रश्नच येत नाही म्हणा.

अनेकवचनाला वेगळं काही करायचं नाही. एक विद्यार्थिनी आली, दहा विद्यार्थिनी आल्या. ‘विद्यार्थिन्या’ असं कुणी लिहिलं तर खोड. प्रत्यय लागला की विद्यार्थिनींना, विद्यार्थिनींचे, नीवर अनुस्वार. मुलांच्या बाजूला मात्र शब्दच बदलतो, विद्यार्थ्याला, विद्यार्थ्यांना, विद्यार्थ्यांचे, तिथं वेलांटीच उरत नाही. एकाच मुलानं केलं तर विद्यार्थ्याने, बिनअनुस्वाराचं, आणि सगळ्यांनी मिळून केलं तर विद्यार्थ्यांनी. हा ठिपका विसरला की ‘विद्यार्थ्याना सूचना’ असं अर्धवट काहीतरी तयार होतं, नोटीस बोर्डावर बघ कधीतरी, सापडेलच.

आता पोरांचं म्हणणं. व्याकरणाला धरून ते चुकत नाहीत, ‘सर्व विद्यार्थ्यांनी ओळखपत्र आणावे’ ह्यात मुली येतातच, कुणी मुलगी घरी बसत नाही. पण स्वागताच्या बॅनरवर नाव घेऊन बोलावणं वेगळं, आणि बॅनर तू करतीयस, तर ‘विद्यार्थी-विद्यार्थिनींचे स्वागत’ असंच लिही की. मात्र ते सर आणि मॅडम बोलायला उभे राहिले की दर वाक्याला दोन्ही शब्द म्हणतात तसं करू नकोस, एकदा म्हटलं की पुरे. बोलताना तर आपल्याकडं सरळ उपाय आहे, ‘कॉलेजची पोरं आली’. पोरं नपुंसकलिंगी, मुलं-मुली सगळी त्यात बसतात आणि कुणी रुसत नाही. बॅनरवर तेवढं चालणार नाही.

प्रश्न : विद्यार्थी का विध्यार्थी? दोन्ही दिसतं. – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : विद्यार्थी. विद्या अधिक अर्थी, विद्येची इच्छा धरणारा. विद्या मध्ये द आहे, ध नाही. परीक्षार्थी, शिबिरार्थी, प्रशिक्षणार्थी, लाभार्थी हे सगळे ह्याच अर्थीचे.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजारी पडल्यामुळं इंटर्नल बुडाली म्हणून अर्ज लिहिला, ‘मी आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून आजारपणामुळे परीक्षेला बसू शकलो नाही’. क्लार्क हसले आणि म्हणाले, परत लिहून आण. आपल्याकडं सगळ्या असंच बोलतात की! – एक वाचक, उचगाव

उत्तर : बोलतात की, आणि बोलूदेत. कोल्हापूरची बाई ‘मी आलो, मी जेवलो, मी जातो’ म्हणते, ही इथली बोली आहे, मी पण घरी तसंच बोलतो आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही, पुण्याची पाहुणी हसली तर हसूदे तिला. पण अर्ज प्रमाणभाषेत लिहायचा असतो, आणि एकदा वाक्यात स्वतःला विद्यार्थिनी म्हटलंस की क्रियापद तिच्यामागनं जायला पाहिजे, ‘बसू शकले नाही’. तुझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऑफिसातला आणि दुसरा अर्धा घरातला झालाय, खटकतंय ते एवढंच. बाकी ‘असून’ वापरलंस ते छान, अर्जात ते शोभतं. क्लार्कनी हसायची गरज नव्हती, बरोबर शब्द सांगितला असता तर तुझा हेलपाटा वाचला असता.

प्रश्न : राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, कॉट बेसिसवर द्यायच्या आहेत. पाटीवर ‘फक्त कॉलेजकुमारांसाठी’ लिहायचं का ‘फक्त विद्यार्थी साठी’? मुलगा म्हणतो कॉलेजकुमार जुनं वाटतं. – एक घरमालक

उत्तर : काका, मुलाचं ऐका. कॉलेजकुमार म्हटलं की केसांचा कोंबडा काढून बाइकवर रंकाळ्याला चकरा मारणारा डोळ्यापुढं येतो, शब्दातच थोडी चेष्टा आहे, म्हणून तो गप्पांत आणि बातमीच्या मथळ्यात शोभतो, आणि भाडं वेळेवर देणारा भाडेकरू शोधायला तो काही कामाचा नाही. ‘विद्यार्थी साठी’ पण नको. साठी हा शब्द सुटा लिहीत नाहीत आणि त्याच्या आधी शब्दाचं रूप बदलतं, म्हणून ‘विद्यार्थ्यांसाठी’, सगळं एकत्र. पण खरं सांगू का, तुमच्या पाटीला हा पण शब्द पुरा पडणार नाही. वर म्हटलं तसं विद्यार्थ्यांमध्ये मुली पण येतात, मग दिवसभर मुलींचे फोन येणार आणि तुम्ही नाही नाही म्हणत बसणार, किंवा उलटं. त्यापेक्षा ‘कॉलेजच्या मुलांसाठी’ नाहीतर ‘कॉलेजच्या मुलींसाठी’, जे काय असेल ते स्पष्ट लिहा. ‘महाविद्यालयीन’ लिहायच्या भानगडीत पडू नका, ते परिपत्रकात बरं, आणि पेंटर त्याची दुसरी वेलांटी कुठं देईल सांगता येत नाही.

प्रश्न : मी सांगलीच्या कॉलेजात आहे, कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे. कोल्हापूरला मामाकडं आलो की मी ‘शिवाजी विद्यापीठात शिकतो’ म्हणतो, तर मामेभाऊ म्हणतो, थापा मारतोस. – एक वाचक, सांगली

उत्तर : थाप नाही, पण विभक्ती चुकतीय. कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या तिन्ही जिल्ह्यांतली अशी कॉलेजं ह्या विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच येतं, त्यामुळं ‘मी शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी’ हे तू ताठ मानेनं म्हण. ‘विद्यापीठात शिकतो’ म्हटलं की मात्र कोल्हापूरकराच्या डोळ्यापुढं विद्यानगरचा कॅम्पस येतो, तिथल्या डिपार्टमेंटला एमए-एमएस्सी करणारी पोरं येतात, आणि मामेभाऊ लगेच विचारणार, कुठल्या डिपार्टमेंटला रं?