आधी यादी पक्की कर

कृष्णवर्णीयांच्या मालकीची दुकानं दाखवणारं ॲप बनवायला घेतलंयस, तर रंग, लोगो नंतर बघ. आधी यादी पक्की कर. अटलांटात असंच ॲप बनवताना मी तिथेच चुकलो. आमच्याच यादीतल्या एका सलूनपाशी भर दुपारी पोचलो, तर शटर खाली आणि काचेवर ‘जागा भाड्याने’ची पाटी. म्हणून प्रत्येक नोंदीखाली शेवटची खात्री कधी केली ती तारीख दाखवच. दुकान कृष्णवर्णीयांच्या मालकीचं आहे हे मालकालाच सांगू दे, नावावरून किंवा फोटोवरून तू ठरवू नकोस. गूगलने २०२० मध्ये अमेरिकेत दुकानांच्या नोंदींवर अशी खूण आणली, तीही मालकच लावतो. आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ मध्ये सुरू केलेलं ‘ग्रीन बुक’ हे कृष्णवर्णीय प्रवाशांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक जरूर चाळ. हॉटेलं, गॅरेज, सलून, सगळं शहरवार! वाचकांनी कळवलेल्या पत्त्यांवर ते वाढत गेलं. तुझ्याकडेही ‘दुकान सुचवा’ हे बटण पहिल्याच स्क्रीनवर हवं.