समृद्धी महामार्गही ताणला जातो का?

प्रश्न : विश्व प्रसरण पावतंय, तर नागपूर-मुंबई अंतरही वाढत असेल ना? दर वर्षी किती?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वाढत नाही. तरी हिशेब करून पाहा. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर, साधारण ७० किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक आहे (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). एककं बदलली तर त्याचा अर्थ असा होतो : अंतर दर वर्षी आपल्या १४ अब्जाव्या भागाइतकं वाढतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे वाढ वर्षाला ०.०५ मिलिमीटर. एवढीही ती होत नाही, कारण प्रसरणाची समीकरणं पदार्थ सरासरीने सारखा पसरलेला आहे असं धरून मांडलेली आहेत. ते शेकडो मेगापार्सेकच्या पट्ट्यातच खरं ठरतं. रस्ता अणूंमधल्या विद्युत बलांनी बांधलेला आहे, पृथ्वी आणि आपली आकाशगंगा गुरुत्वाकर्षणाने. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी ही शेजारची दीर्घिका (आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) तर आपल्याकडेच येते आहे.

प्रश्न : हबल स्थिरांकाचा व्यस्त (१ भागिले तो) घेतला की १४ अब्ज वर्षं येतात. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं सांगतात. मग वय म्हणजे हा व्यस्तच ना?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाही. प्रसरणाचा वेग पहिल्यापासून एकसारखा असता, तरच व्यस्त हे वय ठरलं असतं. तो तसा नव्हता. कारण समजून घ्यायला समीकरण स्वतः मांडा.

एकसारख्या घनतेचा एक मोठा गोल घ्या. त्याच्या पृष्ठावरच्या दीर्घिकेची गतिज आणि गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा मिळून कायम राहते. वेगाच्या जागी 'ह × त्रिज्या' घाला (ह म्हणजे हबल स्थिरांक), वस्तुमानाच्या जागी घनता × गोलाचं घनफळ. एकूण ऊर्जा शून्य धरली की त्रिज्या दोन्ही बाजूंनी उडते आणि उरतं :

ह × ह = ८ × π (पाय) × ग × घ ÷ ३

इथे ग न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक आणि घ घनता. रशियन गणितज्ञ फ्रीडमनने १९२२ मध्ये हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून काढलं. तिथे ऊर्जेच्या पदाची जागा अवकाशाची वक्रता घेते. आकडे घालताना मेगापार्सेकचे किलोमीटर करायला विसरू नका, बहुतेक उत्तरं तिथेच फसतात. आजची क्रांतिक घनता (एकूण ऊर्जा शून्य धरल्यावर येणारी) येते घनमीटरला हायड्रोजनचे जेमतेम पाच-सहा अणू.

आता विश्वात फक्त पदार्थ आहे असं धरा. अंतर दुप्पट झालं की घनता आठव्या हिश्शावर येते. समीकरण सोडवलं की वय व्यस्ताच्या दोन-तृतीयांश निघतं, ९.३ अब्ज वर्षं. पण गोलाकार तारकागुच्छांतले सर्वांत जुने तारे १२-१३ अब्ज वर्षांचे आहेत. तारा विश्वापेक्षा म्हातारा असूच शकत नाही, म्हणजे घनतेत आणखी काहीतरी आहे. १९९८ मध्ये दूरच्या महानवताऱ्यांच्या (स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्यांच्या) मोजमापांनी दाखवलं की प्रसरण वेग घेतंय. कारणीभूत मानली जाते ती कृष्ण ऊर्जा : अंतर वाढलं तरी तिची घनता जवळपास तीच राहते. आजच्या घनतेत तिचा वाटा सुमारे ७० टक्के. आधीचं मंदावणं आणि मागच्या पाच-सहा अब्ज वर्षांतलं वेग घेणं एकमेकांना जवळजवळ फेडतं, म्हणूनच वय व्यस्ताच्या इतकं जवळ येतं.

प्रश्न : ताम्रसृतीवरून अंतर कसं काढायचं?

उत्तर : ताम्रसृती म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी मूळच्या किती हिश्शाने वाढली ते. हायड्रोजनच्या प्रकाशातली ६५६.३ नॅनोमीटरची रेषा ६६२.९ वर दिसली, तर ताम्रसृती ०.०१. प्रकाशाच्या वेगाने गुणा, ३००० किलोमीटर प्रतिसेकंद. ७० ने भागा, ४३ मेगापार्सेक. दीर्घिकांना स्वतःचाही शेकडो किलोमीटर प्रतिसेकंदाचा वेग असतो, त्यामुळे उत्तरात दहा टक्क्यांची चूक सहज येते. दीर्घिका याहून जवळ असेल तर ही पद्धत वापरू नका. ताम्रसृती ०.१ च्या पुढे गेली की हा साधा गुणाकारही सोडा : तिथे वरचं समीकरण वापरून प्रत्येक काळातलं प्रसरण बेरजेत घ्यावं (संकलन करावं) लागतं.