महाधमनी की महारोहिणी?

परभणीहून एका वाचकाने विचारलंय: 'फ्लो एमआरआयने रक्तप्रवाह तपासतात ती महाधमनी की महारोहिणी? आमच्याकडं सगळे मोठी नसच म्हणतात, ते चालेल का?'

हृदयातून निघणाऱ्या सगळ्यांत मोठ्या रक्तवाहिनीला, म्हणजे इंग्रजीतल्या 'एओर्टा'ला, नस नको. आपल्या मराठवाड्यात मान आखडली की नस, सलाईन लावली की नस, हार्टॲटॅक आला तरी नसच ब्लॉक! त्यावर कडी म्हणजे 'शुद्ध रक्ताची ती धमनी' ही शाळेतली घोकंपट्टी. फुप्फुसाकडे जाणारी धमनी अशुद्ध रक्तच नेते की!

खरी गंमत 'धमनी'त आहे. धातू ध्मा, म्हणजे फुंकणे. गीतेत भीम शंख फुंकतो तिथे 'दध्मौ', पोट फुगलं की वैद्याचं 'आध्मान', सगळी एकाच घरची मंडळी. चरक तर सरळ सांगतो, 'ध्मानाद्धमन्यः', फुंकल्यागत फुगतात म्हणून धमन्या. ग्रीकांचंही तेच: 'आर्टेरिया' हे मुळात श्वासनळीचं नाव, आणि एरासिस्ट्राटस या त्यांच्या जुन्या वैद्याच्या मते धमन्यांतही वाराच खेळे.

विश्वकोशवाल्यांनी मात्र 'महारोहिणी' घेतलं. रोहिणी म्हणजे तांबडी. सुश्रुताच्या रोहिणी म्हणजे रक्त वाहणाऱ्या सिरा, आणि त्याच्या नीला पित्त वाहतात. तिथून 'रोहिणी-नीला' उचलून धमनी-शिरेची जोडी लावणं म्हणजे काम सोडून रंगावर भाळणं.

आता माझं म्हणणं. लहानपणी आठवडी बाजारात घिसाडीण चामड्याचे दोन भाते आळीपाळीने दाबायची, म्हणून विस्तव कधी मंदावत नसे. हृदय पहिला भाता, महाधमनी दुसरा. ठोक्यासरशी ती फुगते, झडप मिटली की आकसून रक्त पुढे रेटते. ओटो फ्रांक या जर्मनाने १८९९ मध्ये हेच गणितात मांडलं, आणि नाव काय तर 'विंडकेसल', वाऱ्याची टाकी! पुन्हा वाराच. चरकाला हे ठाऊक होतं असं मी म्हणत नाही, पण शब्दाला ठाऊक होतं असं वाटतं खरं.

एमआरआयवाले हाच दुसरा भाता बघतात. सरकत्या रक्तातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची कला (इंग्रजीत फेज, म्हणजे फिरण्यातला टप्पा) वेगाच्या प्रमाणात बदलते. कला तीच, चंद्राची असते ती. त्यावरून यंत्र वेग मोजतं. फोर-डी फ्लोमध्ये तिन्ही दिशांचा वेग ठोक्याच्या प्रत्येक टप्प्याला मिळतो, महाधमनीच्या कमानीत रक्त मळसूत्रासारखं पिळा घेत जातं तेही दिसतं.

हां, तुमचा प्रश्न. 'महाधमनी'च लिहा. आणि प्रवाह 'काढला' लिहू नका, 'मोजला' लिहा. काढतात ते रक्त.