बायबलमधल्या ‘नेझेम’चा अर्थ नथ की कानातलं?

दोन्ही. हिब्रूत नेझेम म्हणजे नुसती कडी, रिंग. ती नाकात आहे की कानात हे बहुतेक वेळा आजूबाजूच्या वाक्यावरूनच ठरवावं लागतं, म्हणून तर भाषांतरांत घोळ दिसतो.

रिबेकाचीच गोष्ट घ्या, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातला अध्याय 24. अब्राहामाचा नोकर मालकाच्या मुलासाठी बायको शोधायला निघालेला असतो, आणि विहिरीवर तो तिला सोन्याची नेझेम काढून देतो, ओवी 22 मध्ये फक्त वजन दिलंय, एक बेका, म्हणजे अर्धा शेकेल, ग्रॅममध्ये साधारण साडेपाच-सहा, आपला अर्धा तोळा धरा (बेका असं कोरलेली छोटी दगडी वजनं जेरुसलेमच्या खोदकामात सापडलीत). पण पुढे ओवी 47 मध्ये तोच नोकर सांगतो की मी ती तिच्या नाकात घातली. विषय संपला, नथच. सोबत दहा शेकेलच्या सोन्याच्या दोन बांगड्या पण दिल्या, म्हणजे पार्टी श्रीमंत होती!

याउलट ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अध्याय 32 मध्ये पूजेसाठी सोन्याचं वासरू करायला अहरोन (मोशेचा भाऊ) जे दागिने मागतो तिथे ‘बायकापोरांच्या कानातल्या’ असं स्पष्ट लिहिलंय. नीतिसूत्रे 11:22 मध्ये तर डुकराच्या नाकात सोन्याची नेझेम आहे, तिथे कानाचा प्रश्नच नाही.

यहेज्केल 16:12 बघाच, तिथे नाकात नेझेम आणि कानासाठी ‘अगील’ हा वेगळा शब्द एकाच ओवीत आलाय. माझ्या मते काहीच खुलासा नसेल तिथे सरळ ‘कडी’ म्हणावं.